“तुम्हाला एक पेनीही भरावी लागणार नाही”: अपघातानंतर दारात आलेल्या गाडीचा अनुभव

इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांसाठी, त्यातही नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. अपघात झालाय, चूक समोरच्याची आहे अशी तुमची खात्री आहे, आणि फोनवरचं माणूस गोड आवाजात सांगतंय की उद्या सकाळी दुसरी गाडी तुमच्या दारात येईल, खर्च काहीच नाही. तेव्हा “हो” म्हणण्याआधी माझं काय झालं ते वाचा. माझी होंडा जॅझ आठ वर्षं जुनी. विकायला काढली असती तर ३,९०० पौंड आले असते. ती दुरुस्त होईपर्यंत जी गाडी मला वापरायला दिली, तिच्या भाड्याचं बिल माझ्या नावावर निघालं ७,१११ पौंड २० पेन्सचं.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, पाऊस होता, साडेपाचलाच अंधार पडला होता. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना राउंडअबाउट सांगायला नकोत, आमच्याकडे पावलोपावली आहेत. मला तिसऱ्या फाट्याने बाहेर पडायचं होतं म्हणून मी उजव्या लेनमध्ये होते. दुसरा फाटा मागे टाकला, डावा इंडिकेटर दिला आणि बाहेर वळायला लागले. डाव्या लेनमधली गाडी खरं तर दुसऱ्या फाट्यालाच बाहेर पडायला हवी होती. ती तशीच गोल फिरत आली आणि माझ्या डाव्या दारावर आदळली. दार चेपलं, पुढचा पत्रा आत गेला, डाव्या बाजूचा आरसा तुटून लोंबकळायला लागला. कुणाला लागलं नाही.

तो माणूस उतरला आणि “सॉरी, तुम्ही दिसलाच नाहीत” असं दोनदा म्हणाला. इथल्या कायद्याप्रमाणे थांबून नाव, पत्ता, गाडीचा नंबर द्यावा लागतो, तो त्याने दिला. इन्शुरन्सची माहितीही दिली. मी दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, पण ते गाड्या बाजूला घेतल्यानंतर. कोण कुठल्या लेनमध्ये होतं हे त्या फोटोंवरून कळत नाही. डॅशकॅम नव्हता. मागून येणारं कुणी थांबलं नाही, आणि आपणच कुणाला तरी थांबवून नंबर मागावा हे त्या पावसात मला सुचलं नाही. पुढचं सगळं रामायण इथून सुरू झालं, म्हणून एवढं तपशिलात सांगतेय.

घरी आल्यावर पॉलिसीच्या कागदावरच्या “अपघात झाल्यास” या नंबरवर फोन केला. हा नंबर इन्शुरन्स कंपनीचा असेल असं मी धरून चालले. तो ब्रोकरचा होता. किमतींची तुलना करणाऱ्या साइटवरून पॉलिसी घेतली की मध्ये बऱ्याचदा असा एक ब्रोकर असतो, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तिथल्या मुलीने दोन मिनिटं ऐकलं, “म्हणजे तुमची चूक नाही तर” म्हणाली, आणि फोन तिसऱ्याच एका कंपनीकडे दिला. ही कंपनी अपघातग्रस्तांची “सगळी व्यवस्था” बघणारी. आपण अजून आपल्याच इन्शुरन्सवाल्यांशी बोलतोय या समजुतीत मी त्या बाईंशी पाऊण तास बोलले.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. आमच्याकडून गेलात तर पॉलिसीचा ३५० पौंडांचा एक्सेस, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः भरायचा हिस्सा, भरावा लागणार नाही. नो क्लेम्स बोनसला, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, धक्का लागणार नाही. आणि तुमच्यासारखीच गाडी उद्या दारात येईल, पैसे समोरच्याची इन्शुरन्स कंपनी देईल, तुम्हाला एक पेनीही भरावी लागणार नाही. मी विचारलं, माझी गाडी चालतेय, तोवर तीच चालवली तर? त्या म्हणाल्या, “आमचा इंजिनिअर बघेपर्यंत हलवू नका.” मी ऐकलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी सकाळी सातची शिफ्ट असते, त्या वेळी बस नाही. गाडी हवीच होती, आणि कुणीतरी आपलं बघतंय म्हणून खरंच हायसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दारात आली कोरी करकरीत निसान कश्काई, माझ्या जॅझच्या दीडपट. चावी देणाऱ्या मुलाने टॅबलेट पुढे केला, “इथे, इथे आणि इथे” सही करा म्हणाला. मी कामाला निघायच्या घाईत होते. सतरा पानांचा करार त्या दिवशी संध्याकाळी ईमेलने आला आणि तो मी उघडलादेखील नाही.

या प्रकाराला इथे क्रेडिट हायर म्हणतात. नावातच अर्थ आहे: गाडी उधारीवर भाड्याने. उधारी कुणाची? माझी. करारात साफ लिहिलं होतं की भाडं मी देणं लागते. समोरच्या कंपनीकडून ते वसूल करायचा प्रयत्न माझ्या नावाने केला जाईल आणि तोवर माझ्याकडे तगादा लावणार नाहीत, एवढाच त्या “फुकट”चा अर्थ. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतून गॅरेज जी गाडी देतं ती कर्टसी कार, ती खरोखर पॉलिसीचा भाग असते. दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या तर सारख्याच दिसतात. माझ्या पॉलिसीत कर्टसी कार होती. मला ती कुणी सांगितली नाही, आणि मी पॉलिसी वाचलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी समोरच्याच्या इन्शुरन्सकडून पत्र आलं. त्यांच्या माणसाचं म्हणणं असं की मीच उजव्या लेनमधून त्याच्या आडवी घुसले. “सॉरी” हा शब्द त्यात कुठेच नव्हता. साक्षीदार नाही, व्हिडिओ नाही, अशा वेळी राउंडअबाउटवरची प्रकरणं बऱ्याचदा निम्म्या-निम्म्या जबाबदारीवर मिटवली जातात. हे आज मला कळतं. त्या दिवशी मी ते पत्र कंपनीला पाठवलं आणि विचारलं, आता गाडी परत करू का? उत्तर आलं, “काळजी करू नका, हे नेहमीचंच आहे, आमचे वकील बघतील.”

मला सगळ्यात जास्त राग या उत्तराचा आहे. जबाबदारी वादात आहे हे कळलं त्या दिवशी भाड्याचे फक्त तीन दिवस झाले होते. तिथे कुणी खरं सांगितलं असतं की बाई, आता हे पैसे मिळतीलच असं नाही, तर मी त्याच संध्याकाळी चावी परत दिली असती. त्यांनी सांगितलं नाही, आणि मीटर चालू राहिलं. इंजिनिअर बाराव्या दिवशी आला. दुरुस्तीची मंजुरी आणखी तीन आठवड्यांनी. मग सुटे भाग नाहीत, मग नाताळची सुट्टी. प्रत्यक्ष गॅरेजमध्ये गाडी होती नऊ दिवस. कश्काई माझ्याकडे राहिली चौऱ्याहत्तर दिवस.

बिल नंतर पाहिलं ते असं. दिवसाचं भाडं ६७ पौंड ५० पेन्स, त्याचे ४,९९५. भाड्याच्या गाडीला काही झालं तर एक्सेस भरावा लागू नये म्हणून रोजचे साडेअकरा पौंड, त्याचे ८५१. गाडी आणून देणे, घेऊन जाणे ८०. वर वीस टक्के व्हॅट, १,१८५ पौंड २० पेन्स. दुरुस्तीचे २,३४० वेगळे, तेही उधारीवरच. सगळं मिळून ९,४५१ पौंड २० पेन्स, आणि यातला एकही आकडा मी गाडी वापरत असताना मला कुणी दाखवला नव्हता.

हा धंदा चालतो कसा, हे मी नंतर वाचलं. स्पर्धा आणि बाजारपेठेवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने मोटार इन्शुरन्सची मोठी चौकशी केली होती, तिचा अहवाल सप्टेंबर २०१४ मध्ये आला. त्यात दुखणं नेमकं सांगितलंय: चूक नसलेल्या चालकाला गाडी देणारा एक, तिचे पैसे भरणारा दुसरा. देणाऱ्याला खर्च आटोक्यात ठेवायचं काही कारण नाही. आणि गिऱ्हाईक पाठवणाऱ्या ब्रोकरला दलाली मिळते. शारीरिक इजेच्या दाव्यांसाठी वकिलांनी अशी दलाली देण्याघेण्यावर २०१३ पासून बंदी आहे, गाडीच्या भाड्याला ती लागू नाही. त्या पहिल्या दोन मिनिटांत माझा फोन इतक्या तत्परतेने पुढे का गेला, ते हे वाचल्यावर समजलं.

मार्चमध्ये कंपनीने नेमलेल्या वकिलांकडून माझ्या नावाने तयार केलेलं निवेदन सहीसाठी आलं. अपघाताचं वर्णन ठीक होतं. अकराव्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं की अपघाताच्या वेळी स्वतःच्या पैशाने गाडी भाड्याने घेण्याची माझी ऐपत नव्हती. खाली: वरील मजकूर खरा आहे असं मी मानते.

आमच्या खात्यात तेव्हा १२,००० पौंड होते. घराच्या डिपॉझिटसाठी चार वर्षं साठवलेले.

मी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “ही नेहमीची भाषा आहे, सगळेच सही करतात.” त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर ते पान मध्ये ठेवून बसलो होतो. नवरा म्हणाला, “अगं, खोट्यावर सही करू नकोस. जे व्हायचं ते होऊ दे.” सकाळी मी लेस्टरला राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला. तो कायदा शिकलेला आहे. त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “ताई, तू अजून सही केली नाहीस ना?”

ऐपतीच्या त्या एका वाक्यावर एवढं का अडतं, हे त्याने समजावलं. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, लॅग्डन विरुद्ध ओकॉनर या खटल्यात निकाल दिला. लॅग्डन बेकार होता, त्याची दहा वर्षं जुनी फोर्ड ग्रॅनाडा उभी असताना कुणीतरी ठोकली. रोख देऊन गाडी भाड्याने घ्यायची त्याची ऐपतच नव्हती, म्हणून त्याला उधारीचं जास्तीचं भाडं पूर्ण मिळालं, तेही तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींच्या मताने. ज्याची ऐपत आहे त्याला मात्र फक्त बाजारात साध्या भाड्याने गाडी जेवढ्याला मिळाली असती तेवढेच मिळतात. त्यामुळे “माझी ऐपत नव्हती” हे वाक्य कंपनीला सोन्याच्या मोलाचं. ते सिद्ध करायला समोरचे वकील बँकेची स्टेटमेंट्स मागतात. माझी मागितली असती तर ते १२,००० लगेच दिसले असते, आणि सत्य म्हणून सही केलेल्या कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो, त्याला तुरुंगवासही होऊ शकतो. निवेदन कुणी का लिहिलेलं असेना, सही करणारी मी होते.

मी तो परिच्छेद खोडून, माझ्या हाताने दुरुस्ती करून परत पाठवलं. सोबत खात्याची माहिती दिली. दहा दिवसांनी समोरच्या इन्शुरन्सचा प्रस्ताव आला. जबाबदारी निम्मी-निम्मी. गाडी चालण्याजोगी होती, म्हणजे दुसऱ्या गाडीची गरज फक्त दुरुस्तीच्या नऊ दिवसांची. तेवढ्या आकाराची गाडी बाजारात दिवसाला ३१ पौंडांना मिळते, म्हणजे भाड्याचे २७९. दुरुस्तीचे २,३४० धरून २,६१९ झाले, त्याचे निम्मे १,३०९ पौंड ५० पेन्स. ९,४५१ मागितले होते, मिळणार होते १,३०९.

उरलेल्या ८,१४१ पौंड ७० पेन्सचं (आकडा माझ्या डोक्यात कोरला गेलाय) पत्र मला एप्रिलमध्ये आलं. करारासोबत एक इन्शुरन्स होता, वसुली कमी झाली तर तो फरक भरून देणारा. त्याचीच तर फोनवर ग्वाही होती. पण त्याला अट होती: गिऱ्हाईकाने “पूर्ण सहकार्य” केलेलं असावं. निवेदनावर जसंच्या तसं सही न करणं म्हणजे असहकार्य, असं त्यांनी ठरवलं. एकवीस दिवसांत पैसे भरा, नाहीतर काउंटी कोर्टात दावा लावू. घरासाठी कर्ज घेणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कोर्टाचा असा निकाल नावावर लागला आणि महिन्याच्या आत पैसे चुकते झाले नाहीत, तर तो सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो. आम्ही ज्या घराचं बोलणं केलं होतं ते त्याच आठवड्यात थांबवलं.

यानंतर ज्याने मदत झाली ते नीट सांगते, कारण हे करता येतं हेच मला माहीत नव्हतं.

आधी लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये गेले. तिथल्या बाईंनी सतरा पानं माझ्यासमोर वाचली, पहिल्यांदाच कुणीतरी वाचली. त्यांनी सांगितलं की तक्रार फक्त गाडीच्या कंपनीविरुद्ध करू नका, ज्याने तुमचा फोन तिकडे फिरवला त्या ब्रोकरविरुद्ध करा. दुसरा पर्याय काय आहे, धोका काय आहे, हे न सांगता गिऱ्हाईकाला उधारीच्या गाडीकडे ढकललं ही त्याची चूक. त्याच दिवशी ब्रोकरला आणि कंपनीला दोघांनाही पत्र लिहून माझ्याबद्दलची सगळी माहिती मागितली, फोनच्या रेकॉर्डिंगसकट. माहिती संरक्षण कायद्याने ही मागणी फुकट करता येते आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. सत्ताविसाव्या दिवशी रेकॉर्डिंग आलं. त्यात सगळं होतं. “एक पेनीही नाही”, “हलवू नका”, आणि माझा तो प्रश्न, माझीच गाडी चालवली तर? कर्टसी कारचा उल्लेख पाऊण तासात एकदाही नव्हता.

ब्रोकरला तक्रारीचं अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. त्यांनी पंचावन्नाव्या दिवशी तक्रार फेटाळली. त्या उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांत फायनान्शिअल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे इन्शुरन्स-बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं. ग्राहकाला काही पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. मी रेकॉर्डिंग, करार, दुरुस्त केलेलं निवेदन आणि तारखांचा एक साधा तक्ता पाठवला. गाडीच्या कंपनीला लेखी कळवलं की बिल मला मान्य नाही आणि प्रकरण ओम्बड्समनकडे आहे. कोर्टाची धमकी त्यानंतर पुन्हा आली नाही, पण दर टपालाला पोटात गोळा यायचा.

पाच महिन्यांनी तपास अधिकाऱ्यांचं मत आलं. नीट सांगितलं गेलं असतं तर मी माझ्याच पॉलिसीतून दावा केला असता, ३५० पौंडांचा एक्सेस भरला असता आणि कर्टसी कार घेतली असती, असं त्यांनी धरलं. म्हणून ३५० माझे, बाकी ब्रोकरने मिटवायचे, वर मनस्तापाचे २५०. ब्रोकरने ते मान्य केलं. पहिल्या संध्याकाळी जे ३५० वाचवायला निघाले होते, तेच चौदा महिन्यांनी भरले. घर दुसऱ्यांनी घेतलं होतं. मधल्या काळात कर्जाचा व्याजदर वाढला होता, तो कुठल्याही ओम्बड्समनला भरून देता येत नाही.

माझ्याकडे रेकॉर्डिंग नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असंच बिल निमूटपणे हप्त्यांनी फेडलं, कारण “आपणच सही केली ना” असं त्यांना वाटलं. आपल्याकडे सहीला फार मान आहे, आणि परक्या देशात भांडण नको ही भीतीही असते. म्हणून तर इतकं लांबलचक लिहितेय.

अपघाताच्या दिवशी फोनवर एवढं विचारा: तुम्ही माझी इन्शुरन्स कंपनी आहात की दुसरं कुणी? ही कर्टसी कार आहे की क्रेडिट हायर? दिवसाचं भाडं किती? समोरच्याने चूक नाकारली तर ते कोण भरणार? उत्तरं ईमेलवर मागा, ईमेल येईपर्यंत गाडी घेऊ नका. समोरच्याने थोडी जरी कुरकुर केली असेल तर थेट स्वतःच्या इन्शुरन्सकडे जा, एक्सेस भरा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो नंतर मागता येतो.

आणि हे वाचताना अशी गाडी आत्ता तुमच्या दारात उभी असेल, तर आजच कंपनीला ईमेल करा: आजपर्यंतचं भाडं किती झालं ते लेखी कळवा, जबाबदारी वादात आहे का ते कळवा, आणि माझी गाडी चालण्याजोगी असल्याने मी ही गाडी आज परत करतेय, घेऊन जा. किलोमीटर नव्हे, मैलांचा आकडा, पेट्रोलचा काटा आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, चावी देताना वेळ लिहून घ्या. उद्यावर टाकू नका, रोजचे पैसे चालू असतात.